कूलरखालची जागा

बाबा, तुमचा कुत्रा मेला. आज वीस दिवस झाले. तो कसा मेला हे मला माहीत आहे, आणि आईला मी दुसरंच सांगितलं आहे. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, कारण तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि तुम्ही आता मला मारू शकत नाही. तसं तुम्ही कधी फार मारलं नाही. एकदाच मारलं होतं, आणि ज्या गोष्टीसाठी मारलं तीच इथे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. कागद कॉलेजच्या प्रॅक्टिकल वहीचे आहेत. एका बाजूला सर्किटच्या आकृत्या, दुसरी बाजू कोरी. कॉलेज सोडून तीन वर्षं झाली, कागद अजून पुरून राहिले आहेत.

तो आला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तुम्ही आठवडाभर बुटीबोरीला जात होतात, एका मिलच्या क्वार्टरांमध्ये कूलर बसवायला. शनिवारी संध्याकाळी लुनाच्या मागे कूलरची जुनी टाकी बांधून आलात. टाकीत कूलरच्या बाजूच्या जाळीदार ताट्यांतून काढलेलं कुजकं गवत होतं, आणि गवतात हा, मुठीएवढा, झोपलेला. आई दारातूनच म्हणाली, "हे काय आणलं गा माय!" तुम्ही शांतपणे दोरी सोडत होतात. "मी नाही आणलं. गवतात झोपला होता. उठवून पाह्यलं तं उठून नाही राहिला. मंग झोपेतच आणला." आई म्हणाली, "नाव काय ठेवता आता याचं?" तुम्ही म्हणालात, "नाव कायले पाहिजे? नागपुरात कोणालेही भाऊ म्हटलं का तो पलटून पाहते." आणि तो भाऊच राहिला. दूधवाल्याने गल्लीत कोणाला "ओ भाऊ" अशी हाक मारली की सगळ्यांत आधी हा उठून जायचा, आणि दूधवाला चिडायचा.

आपल्या सक्करदऱ्याच्या घराचा कूलर समोरच्या खिडकीला, बाहेरून, लोखंडी स्टँडवर. त्याची टाकी गळते. गावाचे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्या घरचा कूलर गळतो, हे आई तुम्हाला दर उन्हाळ्यात ऐकवायची. तुम्ही टाकीला एम-सील लावण्याऐवजी खाली जमिनीत एक खड्डा केलात, परातीएवढा, आणि त्यात पोतं टाकलंत. थेंब थेंब पाणी पडून पोतं ओलं राहायचं. मार्च ते जून भाऊ तिथेच. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि हा पोटावर झोपलेला, डोळे अर्धे मिटून, एखाद्या पाटलासारखा. तुमच्यानंतरही दर मार्चमध्ये मी खड्डा साफ करायचो, नवीन पोतं टाकायचो. टाकी मीसुद्धा कधी बंद केली नाही.

आता ती गोष्ट. तुमची एक रीत होती. कूलर लागला, पंप सुरू झाला, पाणी ताट्यांवरून उतरायला लागलं, की तुम्ही आधी टेस्टर लावायचात. मग चप्पल काढायचात. अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून उजव्या हाताची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला टेकवायचात, एकदा वर, एकदा खाली स्टँडला. मगच गिऱ्हाईकाला म्हणायचात, "घ्या, झालं." मी बारा वर्षांचा असताना एका डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यावर तुम्ही मला सोबत नेलं होतं. पंपाची वायर मी जोडली होती, माझी पहिली. मी ऐटीत म्हणालो, "झालं बाबा." "हात लावला?" "टेस्टर लावला ना." तुम्ही म्हणालात, "या बाईचं पोट्टं काय टेस्टर घेऊन येईन कूलरजवळ? ते येईन अनवाणी, बाथरूममधून ओल्या आंगानं. चप्पल काढ." मी चप्पल काढली आणि हसत हसत तळहात पुढे केला. तेव्हा तुम्ही कानाखाली वाजवली. डॉक्टरीणबाई बघत होत्या. "तळहात नाही बे! तळहाताले करंट लागला का मूठ आवळते. मंग ते धरून ठेवते माणसाले, सोडत नाही. उलट्या हातानं लागला तं झटका बसते अन् माणूस सुटते." परत येताना तुम्ही एका इलेक्ट्रिकच्या दुकानाशी लुना थांबवली आणि मला पिवळ्या मुठीचा टेस्टर घेऊन दिलात. सॉरी वगैरे काही म्हणाला नाहीत. टेस्टर अजून आहे. पिवळा रंग आता मळकट झालाय.

तुम्ही डेंग्यूत गेलात तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्या दिवसांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. लोक येत होते, सतरंजी अंथरलेली होती, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती, एक संपली की आई दुसरी लावायची. भाऊ चार दिवस जेवला नाही. संध्याकाळी सहाला गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायचा, लुनाचा आवाज आला की उठायचा, दुसऱ्याची लुना निघाली की परत बसायचा. पाचव्या दिवशी आईने पहिली पोळी वरणात भिजवली, तुम्ही द्यायचात तशी, आणि त्याच्यापुढे बसून म्हणाली, "भाऊ, खाऊन घे. अन् त्यालेही सांग, जेवून घे म्हणा. दोन दिवस झाले, नुसता चहावर आहे." मी भिंतीला टेकून बसलो होतो, दोन हातांच्या अंतरावर. भाऊने खाल्लं. मग मी खाल्लं.

तेव्हापासून तेच चालू झालं. आईचं आणि माझं एकमेकांशी सरळ बोलणं जवळजवळ बंदच झालं. भांडण नव्हतं, पण सरळ बोललं की मध्ये तुम्ही यायचात, आणि मग दोघांपैकी एकाला उठून जावं लागायचं. म्हणून भाऊ. "भाऊ, त्याले सांग, उद्या शाळेची फी भरायची आहे." "भाऊ, आईले सांग, मी भरून आलो." मी बारावी पास झालो तेही तिला भाऊमार्फत कळलं. ती शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवते, तिथल्या बायका घरी आल्या की त्यांना वाटायचं या घरात कुत्र्याला फारच डोक्यावर बसवलंय. नऊ वर्षं त्या कुत्र्याने आमचं घर चालवलं. तो नुसता एकाकडून दुसऱ्याकडे मान फिरवायचा.

कॉलेजचंही सांगून टाकतो. इलेक्ट्रिकल घेतलं होतं. अर्थिंगच्या प्रॅक्टिकलला दहापैकी नऊ होते, हे मुद्दाम लिहून ठेवतो. वर्गात एक मुलगी होती. तिच्याबद्दल तुम्हाला काय सांगायचं, एवढंच की ती एकदा आपल्या घरी नोट्स घ्यायला आली, तर भाऊ जाऊन तिच्या पायावर बसला आणि अर्धा तास उठला नाही. तिचा पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी तिने काढला नाही. दुसऱ्या वर्षाला एका पोराने तिने मला पाठवलेला व्हॉइस मेसेज माझ्या मोबाइलवरून काढून लॅबमध्ये मोठ्याने वाजवला. सगळे हसले. मी त्याला मारला. नाक फुटलं त्याचं. सर म्हणाले, माफीनामा लिहून दे आणि विषय संपव. मी नाही लिहिला. ते म्हणाले, मग येऊ नको. मी म्हणालो, नाही येत. आजही वाजवला तर आजही मारीन. फक्त तिने कधी सांगितलं नव्हतं मार म्हणून. ती डिग्री घेऊन पुण्याला नोकरीला गेली. मी तुमची पेटी उचलली आणि कूलर करायला लागलो.

त्या दिवशी, वीस दिवसांपूर्वी, घरचा पंप बंद पडून दोन दिवस झाले होते. सकाळी आई ओट्याजवळून म्हणाली, "भाऊ, त्याले म्हणा, गावभर कूलर करून राहिला, घरची आई उकडून राहिली." मी हसलो आणि अकरा वाजता पेटी उघडली. पंप काढला, साफ केला, वायर सडली होती ती कापली, आणि तेवढ्यात त्या कॉलेजच्या मुलीचा फोन आला. ती सुट्टीत नागपूरला आली होती. मी मोबाइल खांद्यात धरून काम करत होतो. ती म्हणाली, "ऐक ना. रविवारी मला पाहायला येऊन राहिले. आता फोन नको करत जाऊ." मी म्हणालो, "कोण येऊन राहिले? कुठचे आहेत? काय करते तो?" ती म्हणाली, "बघ, हेच. तू सोडत नाहीस रे कोणतीच गोष्ट." आणि फोन ठेवला. माझ्या हातात वायरची दोन टोकं होती. मी ती पीळ मारून जोडली. टेप पेटीत, हातभर अंतरावर. नाही लावला. परत येऊन लावू असं डोक्यात होतं का, ते आता सांगता येत नाही. ताटी जोरात आपटून बसवली, घरात जाऊन बटण दाबलं, हवा सुरू झाली आणि मी गाडी काढून तलावाकडे निघून गेलो. टेस्टर नाही, हात तर नाहीच. त्या सॉकेटला अर्थिंग कधीच नव्हतं. पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू असं तुम्ही म्हणायचात. हे तुमच्यावर ढकलत नाही. नऊ उन्हाळे मलाही होते.

तीन वाजता आलो तर आई उंबऱ्यात बसलेली, आणि भाऊ तिच्यासमोर आडवा. लाइट गेलेली होती. ती म्हणाली, मघाशी एकदा ओरडल्यासारखं वाटलं, पोट्टे दगड मारून राहिले असतील म्हणून ती उठली नाही. मग लाइट गेली, गरम व्हायला लागलं, म्हणून बाहेर आली तर हा असा. तिनेच त्याला खड्ड्यातून ओढून काढलं होतं. मी आत जाऊन प्लग काढला. आई ऑटोवाल्या काकांना बोलवायला शेजारी गेली, कुत्र्याच्या दवाखान्यात नेऊ म्हणून. तिला अजून वाटत होतं नेता येईल. तेवढ्यात लाइट आली. मी प्लग लावला, टेस्टर पत्र्याला लावला. पेटला. ताटीच्या कडेत ती उघडी जोड चेपली होती आणि सगळा पत्रा, सगळा स्टँड जिवंत होता. मी प्लग काढला, जोड नीट केली, टेप लावला, प्लग लावला, चप्पल काढली, उलटा हात टेकवला. काही नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

आई परत आली. "काय झालं असन रे त्याले?" ती मला सरळ विचारत होती, मधे कोणी नव्हतं, आणि मला त्याची सवय राहिली नव्हती. मी म्हणालो, "ऊन लागलं. म्हातारा झाला होता." तिने खड्ड्याशेजारच्या त्याच्या पाण्याच्या गंजाकडे, त्या जुन्या पातेल्याकडे, बघितलं. कोरडा होता. "मी सकाळी पाणीच नाही टाकलं त्यात," ती म्हणाली. "विसरली. माह्याच्यानं गेला हा." तेव्हा बोलायला पाहिजे होतं. तेव्हा बोलणं सोपंही होतं. मी कुदळ शोधायला गेलो.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर पुरलं त्याला. मे महिन्याची जमीन, कुदळ टणटण वाजत होती. ऑटोवाले काका, जे कामठीच्या रस्त्याला सवाऱ्या मारतात, त्यांनी शर्ट काढून मदत केली. मध्येच थांबून म्हणाले, "काय बे, किती खोल? इतकी जागा तं माणसाले भेटत नाही." आईने हात जोडून हळू आवाजात त्रिसरण म्हटलं, कुत्र्यासाठी. काकांना राहवलं नाही. "वहिनी, मन नका खराब करू. कामठीहून पिल्लू आणून देतो. तिथं छावणीत चांगल्या जातीचे भेटते." आई म्हणाली, "आमच्या घरी जात नाही पाहत, भाऊजी." काका हसले, मीही हसलो. ती नाही हसली.

दुसऱ्या दिवशी मला चार कूलर होते आणि मी ते केले. कुत्रा मेला म्हणून कुणी सुट्टी घेत नाही, आणि गिऱ्हाईकाला सांगितलं असतं तर त्याने मलाच वेड्यात काढलं असतं. फरक एवढाच पडला की मी प्रत्येक कूलरला तीन तीनदा हात लावायला लागलो. एक आजोबा म्हणाले, "काय गा, कूलर दुरुस्त करून राहिला का त्याची नाडी पाहून राहिला?" घरी मात्र आवाज संपला. आई पहिली पोळी अजून ओट्याच्या कडेला बाजूला काढते आणि संध्याकाळी गाईला टाकते. एकदा मी जेवत होतो, ती भांडी घासता घासता म्हणाली, "भाऊ, त्याले म्हणा—" आणि थांबली. नळ चालू होता. मी ताट उचललं.

आणि मग तिने गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाण्याचे गंज भरून ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात दोन, आपल्या दारात. मग मला म्हणाली, "जुन्या कूलरची टाकी पडली आहे ना मागं, तिचे चार तुकडे करून दे. कडा ठोकून दे म्हणजे कुत्र्यायचं तोंड कापणार नाही." मी कात्रीने टाकी कापली, कडा वळवल्या, कोपऱ्यांत एम-सील भरलं. छान झालं काम, तुम्हालाही आवडलं असतं. ते चार हौद तिने गल्लीत ठेवले, आणि सकाळी भरलेले दुपारपर्यंत आटतात म्हणून ती रोज भर दुपारी दोन वाजता बादली घेऊन निघते. शाळेला सुट्ट्या, घरी बसून तरी काय करू, म्हणते. समोरची बाई गॅलरीतून ओरडली, "बाई, मोठं पुण्य करून राहिली वं तू!" आई मान वर न करता म्हणाली, "पुण्य कायचं वं. माही चूक आहे ते." मी तेव्हा दारात उभा होतो. मला ऐकू आलं, आणि मला ऐकू आलं हे तिला दिसलं, आणि तिला वाटलं मी तिच्यावर रागावलोय.

म्हणून हे लिहायला बसलो. आता ती बादली घेऊन गेली आहे आणि

वरचं वाक्य तसंच राहू द्या. त्याला आज पाच दिवस झाले. मी लिहीत होतो तेव्हा बाहेर ऑटो थांबली आणि काकांचा आवाज आला, "ओ, कोण आहे घरी! आईले धर रे!" ती गल्लीच्या कोपऱ्यावर तिसऱ्या हौदाशी चक्कर येऊन बसली होती. काका भडकले होते. "दुपारी दोन वाजता बादली घेऊन फिरून राहिली. तू काय करून राहिला घरात? पत्र लिहून राहिला काय कोणाले?" माझ्या हातात पेन होता. मी तो खिशात टाकला. आम्ही तिला आत आणून खाटेवर झोपवलं, कूलरच्या हवेत. मी कांदा किसून तिच्या तळपायाला लावला, साखरमीठ घालून पाणी दिलं. काका बडबडत गेले. तिचा चेहरा लाल होता आणि ओठ पांढरे. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चौथा भरायचा राह्यला."

मला सरळ बोलता येईना, बाबा. तोंड उघडलं आणि जे आलं ते असं आलं: "भाऊ, आईले सांग, तुले ऊन नव्हतं लागलं म्हणा."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "भाऊले कायले मधात घेतो? तो मेला. मले सांग."

मग सांगितलं. वायर, पीळ, टेप, ताटी, टेस्टर. क्रमाने सांगितलं, जसं प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सांगतात तसं. ती कूलरकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो तुमचाच. "हात लावला नव्हता?" मी म्हणालो, "नाही." "कोणासंग बोलून राहिला होता? फोन कानाले होता, मी पाह्यलं." मी म्हणालो, "गिऱ्हाईकासंग." ती म्हणाली, "मी त्याले काढलं तवा स्टँडले हात टेकला होता. हा हात." तिने तळहात वर केला आणि बघितला. मी म्हणालो, "लाइट गेली होती, आई." "हाव," ती म्हणाली, "लाइट गेली होती." एवढं बोलून तिने पाणी मागितलं. मी दिलं. ग्लास परत देताना म्हणाली, "अन् मी वीस दिवस गंज भरून राहिली. टाकीचे तुकडेही तूच कापून देले." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण झाकून ठेवायची. मी समजून होतो, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. एवढं सांगितलं, आता अजून काय पाहिजे, असं. हा राग कुठून येतो ते मला कळत नाही. तुमच्याकडून आला नसावा, आईकडूनही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तिने बादली उचलली. मी दुसरी उचलून मागे गेलो. चारही हौद भरले. कोपऱ्यावरची काळी कुत्री आमची वाट बघतच बसली होती. मी विचारलं, "आता काहून भरते? कोणी तहानेनं मेलं नाही." ती म्हणाली, "म्हणूनच तं सकाळी आली. दुपारी काहून मरू आता? पण त्यायले सवय लागली ना. त्यायले काय मालूम, कोणाची चूक अन् कोणाचं काय." मग परत येताना, दारात, कूलरखालच्या त्या खड्ड्याशी थांबली. पोतं अजून तिथेच होतं, वरून थेंब पडत होते. "अर्थिंग कधी करतो?" तिने विचारलं. माझ्याकडे बघून. मी म्हणालो, "आजच." आणि केलं. मागच्या प्लॉटच्या कडेला सळई गाडली, कोळसा आणि मीठ टाकलं, वायर खिडकीपर्यंत आणली. संध्याकाळी आईने स्वतः चप्पल काढली आणि उलटा हात पत्र्याला लावला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. खिडकीतून बघत असणार ती, इतकी वर्षं.

टाकीचं गळणं मी बंद केलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

हे कागद तुमच्या पेटीत, पकडींच्या खालच्या कप्प्यात ठेवणार आहे. दुसरीकडे कुठे पाठवता येत नाहीत, आणि घरात उघडे ठेवले तर आई माझं अक्षर ओळखून वाचेल. तिला मी सगळं सांगितलं, असं तिला वाटतं, आणि सगळ्यातलं बहुतेक सांगितलंही आहे. पण तो फोन गिऱ्हाईकाचा नव्हता, हे तिला सांगितलं नाही. आणि दुसरा एक फोन आहे तो तर कुणालाच सांगितला नाही. भाऊला पुरून आलो त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन त्या मुलीला फोन लावला. तिने नको म्हटलं होतं. तिने उचलल्याबरोबर मी म्हणालो, "भाऊ गेला." ती रडायला लागली, तिच्या पायावर तो कसा बसला होता ते आठवून. मग मीही रडलो. तुमच्या वेळी नव्हतो रडलो, आईसमोर अजून रडलेलो नाही, तिथे रडलो, बराच वेळ, आवाज काढून. ती "नको ना रडू, नको ना" म्हणत होती आणि मी थांबत नव्हतो, कारण मी थांबलो असतो तर तिने फोन ठेवला असता. मध्येच मी विचारलं, "रविवारी खरंच येऊन राहिले का ते लोक?" आणि तिकडे एकदम शांत झालं.

कुत्र्यासाठी मी तेवढाच रडलो आहे, बाबा. आणि तेव्हाही ती ऐकते आहे का, याच्याकडे माझं अर्धं लक्ष होतं. अर्ध्याहून जास्तच.